घरचीच गाडी

"घरचीच गाडी आहे वहिनी, कधीही करू." हे वाक्य मशीनबाईने सहा महिन्यांत चौदा वेळा ऐकलं. पंधराव्या वेळेपासून तिने मोजणं सोडून दिलं, कारण मोजताना तिचं डोकं जास्त तापायचं.

मशीनबाई म्हणजे शिवणयंत्रं दुरुस्त करणारी बाई. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर उघडी पडलेली मशीनं, टेबलावर तेलाची बुधली, सुयांच्या डब्या आणि टाकाऊ कापडाच्या चिंध्यांची टोपली. तीस वर्षं तिने हेच केलं होतं. गल्लीत तिचं खरं नाव विचारलं असतं तर दोघाचौघांना आठवलं असतं, तेही डोकं खाजवून.

वाक्य होतं तिच्या दिराचं. दोन गल्ल्या सोडून त्याचं गॅरेज होतं आणि ते चांगलं चालत होतं. माणूस गोड. लग्नकार्यात सगळ्यांच्या आधी हजर, कुणाचं सामान उचल, कुणाला स्टेशनवर सोड, मुलांना खांद्यावर घे. त्याच्यावर रागावणं म्हणजे लोण्याला खिळा मारण्यासारखं होतं. खिळा आत जायचा, पण काही धरून राहायचा नाही.

तिच्या घरची गाडी अकरा वर्षांची होती. या जातीच्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट पाच वर्षांनी बदलायचा असतो. पहिल्यांदा तो पाच वर्षांपूर्वी बदलला होता. गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात दिराच्या अक्षरात तसं लिहिलेलं होतं, खाली त्याची लफ्फेदार सही. आता पुन्हा वेळ झाली होती, होऊन गेली होती, आणि दीर म्हणत होता, पुढच्या आठवड्यात. परक्यांच्या गाड्या आत जात होत्या, बाहेर येत होत्या. घरची गाडी रांगेत मागे मागे सरकत होती, कारण घरचे लोक भांडत नाहीत.

मशीनबाईच्या दुकानात रीत उलटी होती. घरचं काम आधी. जावेचं मशीन आलं की हातातलं बाजूला ठेवून ते उघडायचं, अशी तिची सवय. आत्तासुद्धा जावेचं मशीन दुरुस्त होऊन, पुसून, दाराशी तयार ठेवलेलं होतं. सोमवारी आलं, मंगळवारी झालं. शनिवार उजाडला तरी न्यायला कोणी आलं नव्हतं ती गोष्ट वेगळी.

तिची घाई कशासाठी होती, तर लेकीसाठी. लेक परिचारिका. तिला नवी नोकरी लागली होती: डोंगरातल्या वस्त्यांवर घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची देखभाल करायची. सोमवारपासून रुजू व्हायचं होतं, आणि गाडी तिला द्यायची असं ठरलं होतं. रस्ता वळणावळणाचा, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. अशा रस्त्यावर बेल्ट तुटला तर इंजिन जागच्या जागी बंद पडतं, स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, ब्रेक दाबला तर पाय दुखतो पण गाडी थांबत नाही. मशीनबाईने हे कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून तिला जेवण गोड लागेना.

शुक्रवारी तिने दिराला शेवटचा फोन केला. त्याने सांगितलं, सोमवारी नक्की. सोमवारी गाडी डोंगरात असेल, असं तिने सांगितलं. तो म्हणाला, मग परत येईल तेव्हा करू, इतक्यात काही होत नाही, घरचीच गाडी आहे. तिने फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "मीच बदलते."

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. तो एका कार्यालयात अभिलेखपाल होता. पस्तीस वर्षं त्याने दुसऱ्यांची कागदपत्रं फडताळात लावली आणि मागितली की काढून दिली. निवृत्त झाल्यावरही त्याच्या खिशाला पेन असायचं. भांडण त्याला सोसत नसे. तो एवढंच म्हणाला की भावाला वाईट वाटेल.

"त्याला वाटू दे," मशीनबाई म्हणाली. "माझं सहा महिने वाटून झालंय."

आता कुणी म्हणेल, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाईने मोटारीच्या इंजिनाला हात घालणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. नवरा म्हणाला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते होतं, आणि मशीनबाईला ते वाचता आलं. तिने त्याला टेबलापाशी बोलावलं आणि एका मशीनचा तळ उघडून दाखवला. सुई खाली जाते, किंचित वर येते, तेवढ्यात दोऱ्याचा फास तयार होतो, आणि नेमकं त्याच क्षणी खालच्या हुकाचं टोक येऊन तो फास उचलतं. केसभर लवकर नाही, केसभर उशिरा नाही. सुई आणि हुक यांचं हे जमणं म्हणजे टायमिंग. इंजिनातही दोन दांडे असतात. खालचा क्रँक, त्याला जोडलेले पिस्टन वरखाली होतात. वरचा कॅम, तो व्हॉल्व उघडतो आणि मिटतो. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्वने वाट सोडायची असते. दोघांना एका तालात बांधून ठेवतो तो हा दातेरी पट्टा. एखादा दात चुकला तर गाडी खोकते. तीन दात चुकले तर पिस्टन व्हॉल्ववर आदळतो आणि इंजिनाची राख होते.

"म्हणजे तीस वर्षं मी हेच करतेय," ती म्हणाली. "फक्त आता मोठं मशीन."

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तिने या गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक मिळवलं होतं. ते आधीच्या मॉडेलचं होतं, पण म्हणतात ना, उडदामाजी काळे गोरे. नवा बेल्ट आणि त्याला ताण देणारी चकती तिने मोठ्या सुट्या भागांच्या दुकानातून आणली, दिराच्या गॅरेजला वळसा घालून.

शनिवारी सकाळी घरामागच्या फरशीवर काम सुरू झालं. उजवं चाक काढलं, गाडी लाकडी ओंडक्यांवर टेकवली. क्रँकच्या टोकाचा बोल्ट काही केल्या हलेना. मग तिने नवऱ्याला गाडीत बसवलं, गिअर टाकायला लावला, ब्रेकवर पाय दाबून धरायला सांगितलं, आणि पान्याच्या दांड्याला नळाचा पाइप अडकवून त्यावर आपलं सगळं वजन टाकलं. बोल्ट कडाडून सुटला. नवऱ्याने आतून विचारलं, "मोडलं का काही?" ती म्हणाली, काही मोडलं नाही, आणि मी सांगेपर्यंत पाय काढू नका. तो पाऊण तास तसाच बसून राहिला. ती सांगायला विसरली होती.

दुपारी इंजिनाला खालून जॅकचा आधार देऊन तिने बाजूचा आधार सोडवला आणि बेल्टवरचं काळं झाकण तिच्यासमोर आलं. झाकणाला पाच बोल्ट. तिने पाना लावला, आणि थांबली.

प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाचा एक ठिपका होता. ठिपका अर्धा बोल्टवर, अर्धा झाकणावर. कारखान्यात बोल्ट आवळला की असा ठिपका देतात, म्हणजे तो नंतर कुणी सोडवला तर रंग तुटतो. मशीनबाईला हे कुणी शिकवायला नको होतं. नव्या शिवणयंत्रांवरही असे ठिपके येतात, आणि आधी कुणी आत हात घालून गेलंय का ते तिला त्यावरूनच कळायचं. पाचही ठिपके अखंड होते. कुठे चीर नव्हती.

तिने बोल्ट सोडवले. ठिपके तिच्या पान्याखाली पहिल्यांदा फुटले. झाकण काढलं. आतला बेल्ट दातांच्या मुळाशी भेगाळलेला होता, कडेचे धागे सुटून लोंबत होते, आणि पाठीवर कारखान्याच्या छापाखाली साल छापलेलं होतं. अकरा वर्षांपूर्वीचं साल.

तिने नवऱ्याला हाक मारली. तो आला, वाकला, चष्मा कपाळावर नेऊन पुन्हा डोळ्यांवर आणून त्याने ते साल वाचलं. मग तो आत गेला आणि सर्व्हिस पुस्तक घेऊन आला. तेही त्याने वाचलं. पाच वर्षांपूर्वीची तारीख. टायमिंग बेल्ट बदलला. सही.

मशीनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वर्षांपूर्वीच हा पट्टा म्हातारा होता. चार वर्षांपूर्वी याच दिराने याच गाडीवर पुतणीला गाडी चालवायला शिकवलं होतं, तेही टेकडीच्या चढावर, कारण चढावर शिकलं की माणूस कुठेही चालवतो असं त्याचं म्हणणं. किती कौतुक केलं होतं सगळ्यांनी. तिने स्वतः त्याला दोनदा वाढलं होतं त्या दिवशी.

"पाच वर्षं," ती म्हणाली. "त्याला माहीत होतं आणि त्याने तिला शेजारी बसून चढ चढवला."

नवरा म्हणाला की त्याच्या लक्षातून गेलं असेल, धावपळीत लिहून ठेवलं असेल, करू करू म्हणता राहून गेलं असेल. आणि शेवटी, खाली बघत, म्हणाला, "गाडी चालली ना पण."

या चार शब्दांवर मशीनबाई जे बोलली ते सगळं इथे लिहीत नाही. सारांश असा, की गाडी चालली ती भेगांच्या मेहेरबानीवर, भावाच्या नाही. परक्या माणसाने असं केलं असतं तर तुम्ही अर्ज लिहून त्याला सळो की पळो केलं असतं. आणि या घरात 'घरचंच' या शब्दाखाली जेवढी घाण सरकवली गेलीय तेवढी चटईखालीसुद्धा मावणार नाही. तिने तीस वर्षं सगळ्या सासरच्यांच्या बाह्या-कॉलर घरचंच म्हणून शिवून दिल्या, आणि तिच्या लेकीच्या वाट्याला घरचंच म्हणून हा चिंध्या झालेला पट्टा आला. नवरा मूग गिळून उभा राहिला. त्याची ती जुनी जागा होती.

राग आला की मशीनबाईचे हात जास्त जपून चालायचे. तिने क्रँक त्याच्या खुणेवर आणला. मग अंगावरच्या एप्रनच्या खिशातलं पांढरं पेन काढून वरच्या चक्रापासून बेल्टवरून इंजिनाच्या अंगापर्यंत एक सरळ रेघ ओढली, म्हणजे नवा पट्टा बसवताना चक्र नेमकं कुठे होतं ते कळेल. नवऱ्याला फोनने फोटो काढायला सांगितला. मग ताण सोडला, जुना बेल्ट उतरवला. तो उतरताना व्हॉल्वच्या स्प्रिंगांच्या जोराने वरचं चक्र थोडं फिरलं. असं होतंच, म्हणून तर रेघ ओढायची. उजेड उतरला होता. बाकीचं उद्या, असं म्हणून तिने सगळ्यावर जुनी चादर टाकली.

रविवारी सकाळी चादर काढली तर रेघ नव्हती.

तिला आधी वाटलं, मळाखाली गेली असेल. फडक्याने चक्र पुसलं. रेघ नव्हतीच. मग तिने एप्रनच्या खिशात हात घातला आणि दोन पेनं बाहेर काढली. एक लोखंडावर खुणा करायचं, पक्क्या रंगाचं. दुसरं गडद कापडावर खुणा करायचं, ज्याची शाई दमट हवा लागली की काही तासांत आपोआप उडून जाते, म्हणजे ग्राहकाच्या कापडावर डाग राहू नये. काल रागाच्या भरात हाताला रोजच्या सवयीने रोजचं पेन लागलं होतं.

फोटो पाहिला. फोटोत नवऱ्याचा अंगठा होता, आणि अंगठ्यामागे फ्लॅशचा एक पांढरा गोळा.

पुसलेल्या चक्रावर आता एक नवीच भानगड दिसत होती. कडेला कोरलेल्या खुणा दोन होत्या, तीन दातांच्या अंतराने एक वर आणि एक खाली. एकच चक्र कारखान्याने दोन जातींच्या इंजिनांना वापरलं होतं, दोघांसाठी एकेक खूण. पुस्तकात, ते आधीच्या मॉडेलचं असल्यामुळे, एकच खूण होती. आणि चक्र रात्रभर स्प्रिंगांच्या जोरावर दोन्ही खुणांच्या मधोमध जाऊन बसलं होतं, कुणाचीच बाजू न घेणाऱ्या माणसासारखं. ते पाहून तिला नवऱ्याची आठवण झाली.

खरी आठवण करायची गरज नव्हती, तो मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की आता भावाला बोलवू या. ती म्हणाली, ज्याने पाच वर्षं आपल्या तोंडाला पानं पुसली त्याला माझ्या इंजिनापाशी मी उभं करणार नाही. तो म्हणाला, मग गाडी द्यायची नाही, लेक बसने जाईल. डोंगरात बस दिवसातून एकदा जाते, हे दोघांनाही माहीत होतं. तो आत गेला. तो आत जाऊन फोन करतोय हे तिला पाठीमागूनही कळलं; तीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतोच.

ती फरशीवर बसली. दोन मिनिटं तिने स्वतःवर राग काढला. पेन ओळखता येत नाही आणि निघाली इंजिनं उघडायला. मग तिला वाटलं, शिवणयंत्रावर खूण पुसली गेली तर आपण काय करतो? खुणेला विचारत नाही. सुईला विचारतो.

तिने घरातून विणायची लांब सुई आणली. पहिल्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढला, त्या भोकात सुई सोडली. क्रँक केसभर इकडे, केसभर तिकडे हलवला. सुई वर यायची, थबकायची आणि खाली जायची. थबकली तिथे तिने क्रँक थांबवला. पिस्टन बरोबर माथ्यावर. म्हणजे खालचा दांडा खरं बोलत होता.

आता वरच्याची चौकशी. तिने इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढलं. पुस्तकात, त्या आधीच्या मॉडेलच्या पुस्तकातही, एक गोष्ट लिहिलेली होती जी सगळ्या चार सिलिंडरच्या इंजिनांना लागू होती: पहिल्या सिलिंडरची स्फोटाची वेळ असते तेव्हा चौथ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व मिटत असतो आणि दुसरा उघडत असतो. दोन्ही सारखेच, किंचित उघडे. एक घराबाहेर पडतोय, दुसरा आत शिरतोय, आणि उंबऱ्यात दोघांची गाठ. तिने वरचं चक्र हाताने, अगदी हळू, खालच्या खुणेकडे फिरवलं. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व किंचित दबले, सारखे दबले. तिने सपाट पट्टी लावून पाहिली. मग वरच्या खुणेकडे फिरवून पाहिलं. अर्ध्या वाटेत हाताला ठोकर लागली. आत व्हॉल्व पिस्टनला टेकला होता. तिने लगेच हात थांबवला आणि चक्र मागे आणलं.

खालची खूण. तिने या वेळी पक्क्या पेनने त्या खुणेवर ठिपका दिला आणि येणाऱ्याला तो दिसू नये म्हणून त्यावर जुन्या फडक्याची घडी टाकली. तेवढ्यात फाटकापाशी गाडीचं दार वाजलं.

दीर आला तो हसत. वहिनी, काय हे, मला एक हाक मारायची, असं म्हणत त्याने बाह्या सरसावल्या. इंजिनाकडे नजर टाकली आणि कौतुकाने मान डोलावली; ते कौतुक खोटं नव्हतं, त्याला कामाची पारख होती. दादा सांगत होता खुणेचा घोळ झालाय, तो म्हणाला, काही काळजी करू नका, दहा मिनिटांचं काम आहे, सरका जरा. मशीनबाई सरकली नाही. नवरा मागे दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"भावजी, चक्रावर दोन खुणा आहेत," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही कोणती धरली होती?"

दिराने खाली वाकून पाहिलं. एक क्षण, फक्त एकच क्षण, त्याचा हात हवेत थांबला.

"वरची," तो म्हणाला. "हिला वरचीच लागते. मीच बसवला होता की, हाताला आठवतंय."

"नक्की?"

"डोळे मिटून बसवतो."

मशीनबाईने त्याला चक्राला हात लावू दिला आणि सांगितलं, फिरवा मग वरच्या खुणेकडे, हळू. त्याने फिरवलं. अर्ध्या वाटेत ठोकर लागली. तो मुरलेला कारागीर होता, ती ठोकर कशाची हे त्याला बोटांतूनच कळलं. त्याने हात काढून घेतला. तिने ओंडक्यावरून जुना बेल्ट उचलला आणि छापलेलं साल वर येईल असा त्याच्यासमोर धरला.

दिराचं हसू उतरलं. वहिनी, तो म्हणाला, त्या आठवड्यात गॅरेजमध्ये फार गर्दी होती, झाकण उघडायलाच अर्धा दिवस जातो, म्हटलं पुढच्या खेपेला करू, पुस्तकात लिहून टाकलं म्हणजे दादाच्या जिवाला घोर नको. मग राहूनच गेलं. आणि मग सांगायची सोय राहिली नाही.

"घरचीच गाडी होती," तो म्हणाला. "परक्याची असती तर—"

तो मध्येच थांबला.

"बोला की," मशीनबाई म्हणाली. "परक्याची असती तर?"

पुढचं बोलायची गरजच नव्हती. परक्याची असती तर बदलला असता. म्हणजे लेक त्याची पुतणी नसती तर ती जास्त सुरक्षित असती. हे गणित फरशीवर उभ्या तिघांनाही एकाच वेळी सुटलं.

चौकटीपाशी उभा असलेला नवरा आत गेला. मशीनबाईला वाटलं, झालं, हा गेला, आता चहा ठेवेल आणि पाच मिनिटांनी म्हणेल, जाऊ दे, घरचंच आहे. तिच्या मनात आलं की असं म्हणाला तर आज मीच घर सोडून गाडीत जाऊन बसेन, चाक नसलं तरी.

तो बाहेर आला तो सर्व्हिस पुस्तक घेऊन. त्याने ते बॉनेटच्या कडेवर उघडं ठेवलं, पाच वर्षांपूर्वीचं पान काढलं आणि बायकोकडे पेनासाठी हात केला. तिने एप्रनच्या खिशातून हाताला लागलं ते दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत केलं.

"हे नको," तो म्हणाला. "याचं उडतं."

त्याने आपल्या खिशाचं पेन काढलं. भावाच्या ओळीवर एक सरळ आडवी रेघ मारली, अक्षरं खाली वाचता येतील अशी, कारण नोंद नाहीशी करायची नसते, रद्द करायची असते. समासात आजची तारीख घातली. खाली आपल्या घोटीव अक्षरात लिहिलं: सदर नोंद खोटी. बेल्ट बदललेला नव्हता. मग पुस्तक भावाकडे फिरवलं.

"खाडाखोड झाली की शेजारी सही लागते," तो म्हणाला. "कर."

"दादा—"

"पस्तीस वर्षं मी एकही खाडाखोड सहीशिवाय फडताळात ठेवली नाही. आपल्या घरातली तेवढी राहिली. कर सही."

दादाचा असा आवाज दिराने लहानपणापासून ऐकला नव्हता. मशीनबाईनेही नाही. आवाज चढलेला नव्हता. पेन त्याने भावापुढे धरून ठेवलं. दिराने सही केली. या वेळी तिला लफ्फा नव्हता.

तो निघून जाईल असं तिला वाटलं. पण तो तिथेच उकिडवा बसला आणि म्हणाला की ताण देणाऱ्या चकतीचा बोल्ट आवळताना दोघं लागतात, एकाने चकती धरावी लागते, मी धरतो. ती नको म्हणणार होती. मग लेकीचा रस्ता तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि तिने त्याला चकती धरू दिली. तिने क्षमा केली असं कुणी समजू नये. तिने फक्त चकती धरू दिली. खालच्या खुणेवर बेल्ट चढवला, ताण दिला, क्रँक हाताने पुरे दोन फेरे फिरवला. कुठे ठोकर नाही, खुणा पुन्हा आपापल्या जागी. तिने तिसऱ्यांदाही फिरवला, कारण राग अजून उतरला नव्हता आणि हातांना काहीतरी हवं होतं. झाकणं बसली, आधार बसला, चाक बसलं. दुपारी चावी फिरवली तेव्हा इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. दीर जाताना जावेचं मशीन उचलून घेऊन गेला.

नवऱ्याने पुस्तकाच्या नव्या पानावर नोंद केली. टायमिंग बेल्ट प्रथमच बदलला. 'गॅरेज' असं छापलेल्या रकान्यात त्याने लिहिलं: घर. आणि सहीसाठी पेन बायकोपुढे धरलं. इतकी वर्षं मशीनं दुरुस्त करून तिने कुठेच सही केली नव्हती. ती जरा वाकडीच आली.

लेक रविवारी संध्याकाळी आली आणि सोमवारी सकाळी निघाली. पिशव्या मागे टाकल्या, आरसे नीट केले, कागदपत्रं समोरच्या कप्प्यात ठेवण्यासाठी हातात घेतली आणि सवयीने पुस्तक चाळलं. तिच्या कपाळावर आठी पडली.

"एकाच पानावर काकांची दोनदा सही कशी?"

मशीनबाईने तोंड उघडलं. कालपासून ती या प्रश्नाची वाट पाहत होती आणि उत्तर घोटूनही ठेवलं होतं, चांगलं लांबलचक. पण नवरा तिच्या आधी बोलला.

"पहिली खोटी होती," तो म्हणाला. "दुसरी खरी आहे."

लेकीने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा आईच्या काळ्या पडलेल्या नखांकडे. मग पुस्तक कप्प्यात ठेवलं, पट्टा लावला आणि गाडी सुरू केली. वळणापर्यंत इंजिनाचा आवाज ऐकू येत होता, आणि तो नाहीसा झाला तरी मशीनबाई कान लावून फाटकात उभी होती. शेजारी नवराही उभा होता.